कुलूपबंद घराचा झरा

"या रविवारी मी गावाला गेलेली असणार," छबू सिस्टरनं शेजारच्या केसरबाईला सांगितलं, "आणि घरातच असणार. कुणाच्या बापाला कळायचं नाही."

केसरबाई म्हशीला खरारा करत होती. तिनं हात न थांबवता विचारलं, "म्हंजी कसं?"

"तू बाहेरून कुलूप घालायचं, मी आत राहायचं."

"आन कावून?"

या 'कावून'चं, म्हणजे 'का'चं, उत्तर मोठं होतं. धामणटेक हे चौसाळ्याहून आत, डोंगराच्या अंगाला टेकलेलं गाव, आणि साल सत्त्याऐंशी. विहिरींचे तळ दिसायला लागून चार महिने झाले होते. टँकर तिसऱ्या दिवशी यायचा आणि माणशी दोन घागरी पाणी मिळायचं. छबू सिस्टर म्हणजे इथल्या आरोग्य उपकेंद्राची नर्स. उपकेंद्राला लागून एक खोली आणि एक मोरी एवढं तिचं क्वार्टर, आणि त्यात ती एकटी. आठवड्याचे सहा दिवस लसी टोचायच्या, वस्त्या फिरायच्या, गरोदर बायांची पोटं तपासायची. रविवारी सुट्टी, असं सरकारी कागदावर लिहिलेलं होतं. तो कागद गावानं पाहिलेला नव्हता.

त्यामुळे रविवारी सकाळपासून दारात रांग लागायची. कुणाला काटा रुतलेला, कुणाला पुण्याच्या पोराचं पत्र वाचून हवं असायचं. कुणी तर नुसतं "सिस्टर, हाईत का?" असं विचारायचा आणि आहेत म्हटल्यावर समाधानानं निघून जायचा.

त्यात उन्हाळ्याच्या तोंडाला गावात जुलाबाची साथ आली. तेव्हापासून छबू दारोदार एकच सांगत फिरत होती, पाणी उकळून, गाळून प्या. सरपण कुठून आणायचं, असं बाया विचारायच्या. छबू म्हणायची, कुठूनही आणा, पण उकळा. इतकं की एकदा दूध सोसायटीच्या चेअरमननं तिला रामराम घातला तर तिच्या तोंडून उत्तर गेलं, "उकळून प्या." गावातली पोरं तिला मागं 'उकळून सिस्टर' म्हणायची आणि ते तिला ठाऊक होतं.

पण खरं कारण वेगळंच होतं, आणि ते तिनं केसरबाईलाही कुजबुजूनच सांगितलं. तिला डोक्यावरून न्हायचं होतं.

छबूचं माहेर गोदावरीच्या काठचं. लहानपणी ती पाण्यात इतकी असायची की आई म्हणायची, हिला जेवायला वर काढावं लागतं. अशा मुलीनं चार महिने ओल्या फडक्यानं अंग पुसून काढले होते. हल्ली वस्त्यांवरून परतताना रस्त्यावरच्या मृगजळाकडे बघत ती चालायची, आणि चालता चालता तिला नदी दिसायची, घाट दिसायचा, पाण्याखाली हिरवे दिसणारे स्वतःचे पाय दिसायचे. मग ठेच लागायची आणि पायात चप्पल आणि फुफाटा असायचा.

तर तिनं साठवायला सुरुवात केली. दवाखान्याच्या पाण्याला हात लावायचा नाही, हे पहिल्या दिवशीच ठरवलं. आपल्या वाटणीतून रोज दोन-अडीच तांबे ती पत्र्याच्या बादलीत ओतायची, वर ताटली, ताटलीवर वीट. अकरा दिवसांत दोन बादल्या झाल्या. ट्रंकेत साड्यांच्या घडीत दिवाळीपासून जपलेला चंदनाचा साबण होता. आता फक्त एक रविवार हवा होता, ज्यात दाराबाहेरून कुणी "हाईत का?" म्हणणार नाही.

"कुणाला सांगणार नाहीस अशी आण घे," छबू म्हणाली.

"घेते की. मालकाची आन."

"मालकाची नको. म्हशीची घे."

केसरबाई चपापली. त्या म्हशीचं दूध सोसायटीत जात होतं आणि घर त्याच्यावर उभं होतं. नवऱ्याचं तसं काही नव्हतं. तिनं म्हशीच्या पाठीवर हात ठेवला, डोळे मिटले आणि आण घेतली. मग तिनं विचारलं, "आन खरंच कुनी आडलेलं आलं तर?"

"तर मागच्या खिडकीवर तीनदा टिचकी मार. मी तशीच धावत येते. पण काटा म्हणजे अडलेलं नाही."

रविवारी दिवस उगवायच्या आत केसरबाईनं कुलूप घातलं आणि किल्ली कंबरेला खोचली. छबू परत झोपली. उजेड झाला, गाव जागं झालं, दारापाशी पावलं आली, कुलूप हललं, "गेल्या जनू गावाला," असं कुणी पुटपुटलं आणि पावलं परत गेली. छबूनं कूस बदलली. इतकं सुख तिला नोकरीची ऑर्डर आली तेव्हाही झालं नव्हतं.

नऊच्या पुढं ती उठली. स्टोव्हवर पाणी तापवून दोन्ही बादल्या कोमट केल्या, मोरीचं दार लावलं आणि पाटावर बसून पहिला तांब्या डोक्यावर ओतला.

पाणी केसांतून मानेवर आलं, मानेवरून पाठीवर गेलं आणि छबूचे डोळे आपोआप मिटले. मोरी गेली, धामणटेक गेलं. ती घाटाच्या शेवटच्या पायरीवर बसली होती, पायाला मासोळ्या लागत होत्या, आणि पलीकडच्या काठावरून कुणीतरी तिला हाक मारत होतं पण घाई कुणालाच नव्हती. तिनं साबण लावला. चंदनाचा वास कोंदला. ती अगदी सावकाश, एकेक तांब्या मोजल्यासारखा ओतत राहिली, आणि एक बादली संपून दुसरी निम्म्यावर आली तेव्हा केस फेसानं भरलेले होते. आता उरलेल्या पाण्यात ते धुवायचे.

सगळ्याचा विचार केला होता, एक सोडून. मोरीचं पाणी भिंतीतल्या भोकातून थेट सोसायटीच्या रस्त्यावर निघायचं. चार महिन्यांत तिथून थेंब आलेला नव्हता. भोकाच्या तोंडावर कोळ्यानं घर केलं होतं.

धोंडीराम सोसायटीत दूध घालून रिकामी कॅन घेऊन सायकलवर परत निघाला होता. रस्त्याच्या फुफाट्यातून त्याच्या चाकाखाली काहीतरी चमकत आलं. तो उतरला. पाणी होतं! त्यानं पाण्याचा माग काढला तो भिंतीशी आला. भिंतीला वळसा घालून पुढं गेला, तर दाराला हे एवढं कुलूप.

"केसरबाय," त्यानं शेजारी विचारलं, "सिस्टर कुठं गेल्यात?"

"कुलूप दिसतंय न्हवं?" केसरबाई म्हणाली. हे खोटं नव्हतं.

पाच मिनिटांत वीस माणसं जमली, दहा मिनिटांत निम्मं गाव. गहिनीनाथाला तर बोलवायला लागलंच नाही. गहिनीनाथ हा गावचा पाणाड्या, जमिनीखालचं पाणी सांगणारा. सोसायटीनं मोठ्या खटपटीनं सामुदायिक विहीर मंजूर करून आणली होती आणि जागा ठरत नव्हती. तेव्हा चैत्रात तो तळहातावर नारळ आडवा ठेवून गावभर फिरला होता, आणि नारळ उभा राहिला तो नेमका उपकेंद्राच्या या भिंतीशी. सरकारी इमारतीखाली पाणी सांगतो म्हणून लोक पोट धरून हसले होते. आज कुणी हसत नव्हतं.

त्यानं बसून बोट बुडवलं. "गरम हाय," तो हळूच म्हणाला.

"गरम कसं काय?"

"लई खोलचं पानी गरमच आसतंय."

"आन ह्यो वास?" धोंडीरामनं विचारलं. "चंदनावानी येतोय."

गहिनीनाथानं क्षणभर विचार केला. "खाली मुळ्या आसतील," तो म्हणाला.

आत छबूनं तांब्या हातातच धरून ठेवला होता. बोलणं शब्द न् शब्द ऐकू येत होतं. फेस कपाळावरून डोळ्यांत उतरत होता आणि डोळे चुरचुरत होते. पाणी ओतावं तर झरा, न ओतावं तर आंधळेपण. जातील, ती स्वतःला म्हणाली. उन्हाला कंटाळून जातील.

धार थांबली तशी बाहेर सगळ्यांचे चेहरे उतरले. "आटला का काय?" कुणी म्हणालं.

"दम खातोय," गहिनीनाथ म्हणाला.

एवढ्यात दूध सोसायटीचे चेअरमन विठ्ठलराव आले. त्यांनी ओली माती पाहिली, कुलूप पाहिलं, आणि मंजूर विहीर डोळ्यांपुढं आणली. "आधी नारळ फोडा," ते म्हणाले. नारळ आला. सगळे गप्प झाले. आतल्या छबूला वाटलं, गेले बहुतेक. तिनं डोळ्यांसाठी म्हणून एक मोठा तांब्या डोक्यावर ओतला. बाहेर नारळ फुटायला आणि भोकातून फेसाळ धार उसळायला एकच गाठ पडली.

बायांनी हात जोडले. विठ्ठलरावांनी टोपी सारखी केली. "पहार आना," ते म्हणाले, "कुलूप तोडा, फरशी उपसा. सिस्टर येतील तवा येतील. जिल्हा परिषदेचं मी बघतो."

आतमध्ये छबूच्या अंगावर, कोमट पाण्यातही, काटा आला. तिनं भराभर साडी गुंडाळली. आता खिडकीवर टिचकी मारायची पाळी तिची होती, पण केसरबाई होती गर्दीत. म्हशीची आण ओठांत दाबून ती आभाळाकडे बघत उभी होती. "किल्ली कुनाकडं हाय?" असं विठ्ठलरावांनी विचारलं तेव्हा तिनं आणखी वर बघितलं.

तरी छबू गप्पच राहिली असती. अकरा दिवसांचं पाणी, त्याची निम्मी बादली अजून समोर होती, आणि जिथं सात माणसांचं घर घागरी मोजून जगतं तिथं आपण चंदनाचा साबण लावून बसलोय, हे कबूल करण्यापेक्षा पहार बरी, असंच तिला त्या घडीला वाटत होतं. लाजेनं तिचे कान तापले होते. तेवढ्यात भिवराबाईचा आवाज आला.

भिवराबाईचा नातू परवाच जुलाबातून उठला होता. छबूनं दोन रात्री जागून, चमच्या-चमच्यानं मीठ-साखरेचं पाणी पाजून त्याला उठवला होता.

"सरका, मला तांब्या भरू द्या," भिवराबाई म्हणत होती. "देवाचं पानी हाय. लेकराला घोटभर पाजते, सगळं झडून जाईल."

आणि बंद घरातून आवाज आला, "भिवराबाई, पाजू नका! पाणी उकळून, गाळून..."

कुणी देवी म्हणालं नाही, कुणी भूत म्हणालं नाही. असं बोलणारं त्या पंचक्रोशीत एकच माणूस होतं.

"सिस्टर हाईत का?" धोंडीरामनं सवयीनं विचारलं.

"आहे," छबू मोरीच्या झरोक्यातून म्हणाली. आवाज रडवेला झाला होता. "आणि ते उकळूनही पाजू नका. ते माझ्या अंघोळीचं पाणी आहे."

"म्या कायबी बोलले न्हाई," केसरबाई लगेच म्हणाली. "सगळ्यांनी ऐकलंय. म्हशीला काय झालं तर माज्यावर न्हाई."

मग जे हसू फुटलं ते थांबेना. विठ्ठलराव तेवढे हसले नाहीत, ते फुटलेल्या नारळाकडे बघत होते. गहिनीनाथ म्हणाला, "पानी हाय म्हनलं व्हतं, निघालं का न्हाई?" पण ते कुणी मनावर घेतलं नाही.

भिवराबाई हसत नव्हती. ती झरोक्याखाली आली. छबूला वाटलं, आता ऐकावं लागणार, आणि ऐकायलाच हवं.

"किती दिसाचं साठिवलं व्हतंस?" भिवराबाईनं विचारलं.

"अकरा."

"आन उरलंय किती?"

"निम्मी बादली. फेस आहे अजून डोक्यात. मी... पुसून घेते तशीच."

भिवराबाईनं तांब्यातलं पाणी सुकलेल्या कडुलिंबाच्या मुळाशी ओतलं आणि वळून म्हणाली, "ए बाप्यांनो, चला, निघा हितून. बाईमानूस न्हातंय आन तुमी नारळ फोडताय. चेरमन, तुमीबी."

माणसं गेली. बाया मात्र गेल्या नाहीत. त्या भिंतीच्या सावलीला पाठ टेकून ओळीनं बसल्या, दहा-बारा जणी. चार महिने त्यांच्यातही कुणी डोक्यावरून न्हालं नव्हतं. "ओत की," केसरबाई म्हणाली. "आता कुनाला भ्यायचं?"

छबूनं तांब्या बुडवला आणि ओतला.

"गरम हाय का अजून?" बाहेरून कुणीतरी विचारलं.

"कोमट आहे."

"सावकाश ओत. घाई करू नगंस."

तिनं सावकाश ओतलं. बाहेर कुणी बोलेना. पाण्याचा आवाज भिंतीतून येत होता आणि बाया डोळे मिटून ऐकत होत्या, आणि त्यातल्या प्रत्येकीच्या माहेरी कुठं ना कुठं एखादी नदी, एखादा ओढा, निदान भरलेली विहीर होती. चंदनाचा वास दरवळत होता. छबूला पुन्हा घाट दिसला, पण या खेपेला पायरीवर ती एकटी नव्हती. शेवटचा तांब्या ओतून झाल्यावरही बराच वेळ कुणी उठलं नाही.

तो साबण पुढं गावात फिरला. ज्या घरी अंघोळीपुरतं साठायचं त्या घरी तो जायचा, आणि श्रावणापर्यंत त्याची चकती झाली.

पुढच्या रविवारी छबूनं पुन्हा कुलूप घालून घेतलं. आता पाणी साठलेलं नव्हतं, पण झोप होती. सगळ्या गावाला माहीत होतं की ती आत आहे, त्यामुळे हे कुलूप म्हणजे वेडेपणाच होता, असं केसरबाई म्हणाली. छबू म्हणाली, घालून तर बघ.

नऊच्या सुमारास दारापाशी पावलं आली. छबूनं श्वास रोखला. पावलं ओट्यावर बसली. मग भिवराबाई कुलपाकडं तोंड करून अदबीनं म्हणाली, "सिस्टर गावाला गेल्यात, म्हाईत हाय मला. आल्या म्हंजी त्यास्नी येवढं सांगा, की लेकरू आता बरं हाय, आन पानी म्या उकळूनच पाजतेय."

आत छबूनं पांघरूण नाकापर्यंत ओढलं, डोळे मिटले आणि म्हणाली, "सांगते."