नातालीनबाईंना बाहेर आणण्याबाबत

सहा माणसं आत असताना सातवं आत आलं, की जे सर्वांत आधी आत आलेलं असेल ते माणूस इनास तुस्कानो यांच्या फ्लॅटबाहेर, जिन्याजवळच्या पॅसेजमध्ये असायचं. आवाज व्हायचा नाही, धक्का बसायचा नाही. हातात चमचा असेल तर चमच्यासकट, अंगावर चादर असेल तर चादरीसकट माणूस बाहेर.

करारनाम्यात तसं स्पष्ट लिहिलं होतं. इनास सर वसईच्या कॉलेजात तर्कशास्त्र शिकवून निवृत्त झालेले, डॉक्टरेट मिळवलेले. करारनामा त्यांनी शब्दन् शब्द वाचला होता. 'सदर सदनिका सहा व्यक्तींचीच राहील' हे वाक्य त्यांना अलंकारिक वाटलं, एवढंच. वाडीतलं घर रस्त्यात गेलं होतं आणि मिळेल ते घ्यायचं होतं. तरी नऊ मुलांच्या बापाला त्या वाक्यापाशी काहीतरी सुचायला हवं होतं, असं त्यांना पुढे रोज वाटत राहिलं.

पहिला अनुभव घराच्या आशीर्वादाच्या दिवशीच आला. फादर पवित्र पाणी शिंपडत आधी आत शिरले, मागोमाग मुलं, सुना, जावई. हॉलमधून स्वयंपाकघराकडे वळता वळता फादर बाहेर पोचले. एकदा सुरू केलेली प्रार्थना मधे तोडता येत नाही म्हणून त्यांनी ती समोरच्या मेहतांच्या दारावर पूर्ण केली. मेहतांनी संध्याकाळी पेढे आणून दिले, अर्थात दारातूनच.

गाड्यांचंही तेच होतं. थोरला मुलगा बस्त्याव याची गाडी पाच जणांची. सहावं कुणी बसलं की सर्वांत आधी बसलेला बस्त्याव रस्त्यावर, आणि गाडी बिनचालकाची. त्यामुळे तुस्कानोंच्या घरात चालवणारा शेवटी बसायचा. बाकीच्या मुलांचे फ्लॅट चार-चार जणांचे होते. स्टेशनजवळच्या नव्या इमारतीत दोघांचे निघाले होते. त्यांत लग्न झालेली जोडपी राहायची आणि पुढचा विचार करायची नाहीत.

घरात इनास सर, नातालीनबाई, धाकटा ग्रेगरी, त्याची बायको आणि दोन मुलं, असे बरोबर सहा. पाहुणा आला की कुणीतरी बाहेर जाणारच, म्हणून सगळे दिवसातून एकदा तरी खाली चक्कर मारून यायचे. चक्कर मारून आलं की माणूस ताजं व्हायचं, म्हणजे रांगेत शेवटचं. इनास सर उगाचच चार-पाच वेळा ताजे व्हायचे. वॉचमनला वाटायचं, सरांचं काहीतरी हरवलंय.

मग नातालीनबाई मोरीत घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. त्यांना खाली जाता येईना. त्यामुळे रांगेत त्या कायमच्या पहिल्या झाल्या. एकदा गॅसवाला विचार न करता आत आला आणि बाई पॅसेजच्या गार फरशीवर होत्या. त्यांनी तिथूनच, "नळी नीट बघून घे रे," असं सांगितलं. पण इनास सर दुपारपर्यंत दाराला पाठ लावून बसले. त्या दिवसापासून कुणाला आत घेणं बंद झालं. आठ मुलं रविवारी चर्चमध्ये मिस्सा झाल्यावर यायची आणि दाराबाहेर उभी राहून आतल्या खोलीतल्या आईशी मोठ्याने बोलायची. बाईंना आवाज ऐकू यायचे, तोंडं दिसायची नाहीत.

त्या पावसाळ्यानंतर डॉक्टर आले. ते आत असेपर्यंत ग्रेगरी बाहेर उभा राहिला. हृदय थकलंय, असं डॉक्टर म्हणाले. कुणाला बोलवायचं असेल तर बोलावून घ्या.

"मला सगळ्यांच्या डोक्यावर हात ठेवायचाय," नातालीनबाई म्हणाल्या.

"ठेवू की. आम्ही बाकीचे बाहेर थांबतो. आधी चार येतील, मग चार."

"हप्त्याहप्त्याने नको. वाडीत असताना रात्री रोझरीची प्रार्थना झाली की कशी यायची? ओळीने. ब्रिजीतपासून ग्रेगरीपर्यंत. त्याशिवाय मला झोप लागली होती कधी?"

"नातालीन, हा फ्लॅट सहाचा आहे."

"मी कुठे म्हणते आतच या?"

इनास सर सेक्रेटरी रेडकरांकडे गेले. जाताना त्यांनी वाक्यं मनात तीनदा जुळवली आणि तिन्ही वेळा त्यांना ती पोकळ वाटली.

"पलंग थोडा वेळ पॅसेजमध्ये ठेवायचा होता, रेडकरसाहेब."

"पलंगाला परवानगी नाही, सर. पॅसेज सगळ्यांचा आहे. मेहतांच्या सायकलीवरून काय झालं ते तुम्ही बघितलंत."

"मग नुसतं माणूस आणलं तर? आजारी आहे."

"आणून ठेवलं तर अडथळा. फ्लॅटने ठेवलं तर हरकत नाही, तसा ठराव आहे. नाहीतर पाहुणे आल्यावर लोकांनी उभं कुठे राहायचं?"

"म्हणजे मी उचलून आणली तर गैर, आणि फ्लॅटने बाहेर काढली तर चालेल?"

"तर्कशास्त्र तुमचा विषय, सर. मी बँकेत होतो."

"खाली काही अंथरलं तर?"

रेडकरांनी बराच विचार केला. "पायपुसणं ठेवता येतं. ते केवढं असावं याचा ठरावात उल्लेख नाही."

इनास सरांनी घरी येऊन हे सांगितलं तेव्हा नातालीनबाई आजारपणात पहिल्यांदाच हसल्या. "मग काढा मला बाहेर," त्या म्हणाल्या.

रविवारी मिस्सानंतर सगळे आले. जावई, सुना आणि नातवंडं खाली आवारात थांबली. पॅसेजमध्ये ब्रिजीतच्या घरची कापसाची गादी पायपुसणं म्हणून अंथरली. वर उशी ठेवायची की नाही यावर थोडी चर्चा झाली आणि उशीही पायपुसणंच धरावं असं ठरलं. आत नातालीनबाई आणि पाच मुलं, असे सहा झाले. चार मुलं जिन्यात उभी राहिली. आता सातवं कुणीतरी आत जायला हवं होतं.

"बस्त्याव, तू जा," इनास सर म्हणाले.

"पप्पा, मी आयला घराबाहेर काढू?"

"तू नाही, फ्लॅट काढणार."

"पाऊल माझंच ना?"

मग त्यांनी ब्रिजीतकडे पाहिलं. ती नर्स होती, तिचं मन घट्ट असेल असं त्यांना वाटलं. ब्रिजीत गादीच्या कडा सारख्या करत म्हणाली, "आमच्याकडे बघू नका. लग्न तुम्ही केलंत."

इनास सर उंबऱ्यापाशी गेले. आता त्यांना एकेक शंका येऊ लागली. बाईंना एक्सरेसाठी नेलं होतं, ते जाणं धरलं जाईल का? पण त्यानंतर बाकी सगळेच कितीदा आत-बाहेर झाले होते. बाई गादीवरच येतील की गॅसवाल्याच्या वेळेसारख्या भिंतीला लागून येतील? खुब्याला हिसका बसला तर? आणि समजा फ्लॅटने आज वेगळाच हिशेब केला, तर बायकोला बाहेर काढायला गेलेला म्हातारा म्हणून आपण सगळ्यांसमोर इथे उभे. आयुष्यभर त्यांनी मुलांना विधानं तपासायला शिकवलं होतं. हे तपासायला एकच रीत होती आणि ती त्यांना नको होती.

"झोपला का तिकडे?" आतून नातालीनबाईंचा आवाज आला.

"विचार करतोय."

"इतकी वर्षं केलात. आता या आत."

ते आत गेले.

आतल्या खोलीत पलंग रिकामा होता, चादरही नव्हती. पाचही मुलं पलंगाभोवती गुडघ्यांवर होती, ती एकेक करून उठली आणि बाहेर गेली. बाहेरून खोकल्याचा आवाज आला. मग बाई म्हणाल्या, "उशी जरा वर घ्या." इनास सर तिथेच पलंगाचा कठडा धरून उभे राहिले. इतक्या वर्षांत ते या फ्लॅटमध्ये कधी एकटे नव्हते. त्यांना तो फार मोठा वाटला आणि तिथे थांबवेना.

ते दारात आले तेव्हा मुलं जिन्याच्या पायऱ्यांवर ओळीने गुडघे टेकून होती, ब्रिजीत सर्वांत वर, ग्रेगरी सर्वांत खाली. सगळे पन्नाशीच्या आगेमागे, कुणाचे गुडघे वाजत होते. एकेक जण वर सरकत होता. बाई डोक्यावर हात ठेवून "देव भलं करो" म्हणत आणि नाव घेत होत्या. बस्त्यावच्या टकलावर हात ठेवून त्या म्हणाल्या, "केस कुठे गेले रे?"

"तुझ्या मागे लागून पॅसेजमध्ये आले असतील," बस्त्याव म्हणाला.

मधेच रेडकर जिना चढून आले. गादीची कड जिन्याच्या वाटेत येते का हे पाहायला ते वाकले, आणि समोर डोकं आलं म्हणून बाईंनी त्यावरही हात ठेवला. "देव भलं करो," त्या म्हणाल्या आणि नावासाठी थांबल्या.

"दत्ताराम," रेडकर म्हणाले.

"दत्ताराम," बाई म्हणाल्या. रेडकर मिनिटभर तसेच वाकून राहिले. मग त्यांनी गादीची कड हाताने दुमडली आणि रेलिंगला धरून वर निघून गेले.

ग्रेगरीचं झालं. बाईंचा हात हवेतच राहिला.

"कोण राहिलं?"

"कुणी नाही, आय," ब्रिजीत म्हणाली. "नऊ झाले."

"रेडकर धरून दहा," ग्रेगरी म्हणाला.

"कुणीतरी राहिलंय," बाई म्हणाल्या. हात तसाच होता.

इनास सरांनी पायऱ्यांवरची डोकी मोजली. पुन्हा मोजली. मग ते उंबरा ओलांडून गादीपाशी आले. नवऱ्याने बायकोचा आशीर्वाद घ्यावा असं त्यांनी कुठे वाचलं नव्हतं, घेऊ नये असंही वाचलं नव्हतं. जिन्याच्या कठड्याला धरून ते कष्टाने गुडघ्यांवर बसले आणि मान खाली घातली.

फ्लॅट मागे उघडा, रिकामा होता. वरच्या मजल्यावरची माणसं तोवर जिना सोडून लिफ्टने जात-येत राहिली.