पाटीवरची उरलेली जागा

"त्या झूमधला वाघसुद्धा वाघ आहे तो माझ्यामुळे! नाहीतर लोकांनी त्याला काय वाट्टेल ते म्हटलं असतं!"

पेंटरने चहाचा कप आपटून व्याह्यांना सुनावलं. तीस वर्षांपूर्वी शहरातल्या त्या अवाढव्य प्राणिसंग्रहालयाच्या एकशे बारा पाट्या त्याने एकट्याने रंगवल्या होत्या. व्याही निवृत्त मुख्याध्यापक. लेकीच्या लग्नाला दोन वर्षं झाली, तरी गृहस्थ त्याला 'अहो रंगवाले' म्हणायचे! लिहिलेल्या ओळीपुढे लोटांगण आणि ती काढणाऱ्या हाताकडे पाठ, हा शिकलेल्यांचा जुनाच रोग. पेंटरला एकच हवं होतं. व्याह्यांनी एकदा, फक्त एकदा, त्याच्या कामाला बरं म्हणावं.

रविवारी सगळे झू बघायला निघाले. फाटकापाशीच इतिहासाची पाटी. व्याही चष्मा पुसून मोठ्याने वाचू लागले. कुणा हौशी व्यापाऱ्याने दोन हरणं आणि सर्कशीतलं एक म्हातारं अस्वल आणून ही बाग सुरू केली. पुढे महापूर आला, अर्धे पिंजरे वाहून गेले, आणि नवव्या दिवशी चिखलातून एकटं कासव चालत परत आलं.

"वा! काय भाषा!"

"अक्षर बघा की, अक्षर!"

"अक्षराचं काय, रंगवाले, ते कुणीही काढेल."

पेंटरचं डोकं भणभणलं. बायकोने त्याचा शर्ट मागून घट्ट धरला.

पुरातून परतलेलं ते कासव अजून होतं. त्याच्या कुंपणाशी शंभरेक माणसं जमलेली. रखवालदाराने हात वर केला आणि सगळ्यांनी एका सुरात अंगाई धरली!

"अहो, हे काय चाललंय?" बायको म्हणाली.

"पाटी वाचा की, विहीणबाई," व्याही म्हणाले. "'या कासवास गाणे प्रिय आहे.'"

पेंटर पांढराफटक पडला. ती ओळ ऑफिसच्या कागदावर नव्हतीच! दिलेला मजकूर संपला तेव्हा पाटीवर वीतभर जागा उरली होती, आणि पाटी अर्धी कोरी सोडणारा पेंटर धंद्यात तोंड दाखवू शकत नाही. घरी तान्ही लेक आईची अंगाई ऐकली की मान उचलून बघायची. तेच त्याने कासवाच्या नावावर खपवलं होतं!

तेवढ्यात समोरचा तो भला मोठा दगड हलला. सुरकुतलेली मान इंचाइंचाने बाहेर आली. पेंटरच्या पणजोबांनीही पाहिले असतील असे दोन काळे डोळे सावकाश उघडले. गर्दी गातच होती, पण आवाज आपोआप खाली आला. पेंटरच्या अंगावर काटा उभा राहिला. थाप त्याने मारली होती, आणि एवढं पुराणपुरुष जनावर ती तीस वर्षं निभावत होतं!

त्याला राहवेना. "अहो, ही ओळ मी ठोकून दिलीय! माझ्या मनाची!"

"शोभत नाही हो," व्याही कुजबुजले. "पाटीवर लिहिलंय. कुणा विद्वानाचं संशोधन आहे."

"सही दाखवतो! चौकटीखाली कोपऱ्यात ब्रश काढलाय मी!"

"अहो, नको!" बायको ओरडली. शर्टाचं बटण तिच्या हातात आलं आणि पेंटर कुंपणावर! त्याने चौकट ओढली. गंजलेले खिळे सुटले आणि अख्खी पाटी धाडकन आत पडली. गाणं थांबलं. कासवाने मान आत घेतली, विचार केला, पुन्हा बाहेर काढली, आणि चालत येऊन बरोबर सहीच्या कोपऱ्यावर बसलं. कडाड! पाटी मोडली. सहा माणसांना ते तसूभर हललं नाही.

ऑफिसात साहेब कडाडले, "पोलिसांकडे जाता की पाटी रंगवून देता?"

"सोडा हो साहेब," व्याह्यांनी रदबदली केली. "एवढं तरी येत असेल बिचाऱ्याला."

बिचाऱ्याला! चार दिवस पेंटर कासवासमोर दात-ओठ खात पाटी रंगवत बसला. गाण्याची ओळ आता साहेबांनी स्वतः मजकुरात घातली होती. सगळं लिहून झालं, आणि खाली पुन्हा बोटभर जागा उरली. पेंटरने कासवाकडे पाहिलं. कासवाने पेंटरकडे पाहिलं. ब्रश रंगात बुडाला.

पुढच्या रविवारी व्याह्यांनी पाटी वाचली. चष्मा पुसून पुन्हा वाचली: 'निवृत्त मुख्याध्यापकांनी दहा पावले दूर उभे राहावे.'

बायकोने कपाळाला हात लावला. व्याही मात्र मागे सरकू लागले. एक, दोन, तीन... मोजून दहा! मग तिथूनच ओरडले,

"रंगवाले! अक्षर सुरेख आहे हो तुमचं! इतक्या लांबूनही स्वच्छ वाचता येतं!"

दोन वर्षं ज्यासाठी जीव टाकला, ते आलं! पेंटरचा ऊर भरून आला.

"आणि मजकूर?" व्याही पुन्हा ओरडले. "कुणा थोर विद्वानाचा असणार!"

आयुष्यात पहिल्यांदा पेंटर सही दाखवायला धावला नाही.