गहाळ चावी मिळणेबाबत

रविवारी सकाळी सव्वाअकरा वाजता खडवलीच्या नदीत उत्तम घाग यांच्या गाडीची चावी पडली. चावी शर्टाच्या वरच्या खिशात होती. वरच्या खिशात चावी ठेवून पाण्यावर वाकू नये असा कुठलाही नियम अस्तित्वात नसल्याने या घटनेत आपला दोष नाही, हे उत्तमरावांनी पत्नी योगिनी यांना पाण्यात उभ्या उभ्याच स्पष्ट केलं.

"दुसरी चावी?" योगिनीताईंनी विचारलं.

"ती पहिल्या मालकाकडे. देतो म्हणालाय."

"कधी म्हणाला?"

"गाडी घेतली तेव्हा. चार वर्षं झाली."

गाडी उभी होती ती राघो पाटील यांच्या मोकळ्या जागेत. राघो तिथले जुने जमीनवाले. त्यांनी दोघांना चहा पाजला आणि मग अडचण सांगितली. "गारी र्‍हाऊदे दोन दिस. पन बेस्तरवारी माझे दिशाची हलद हाय. हितंच मांडव परनार."

"गुरुवार कशाला? मंगळवारीच हलवतो," उत्तमरावांनी शब्द दिला, आणि दोघं रिकाम्या हातांनी कोपरला घरी परतले.

सोमवारी उत्तमराव ठाण्यात गाडीच्या अधिकृत सेवा केंद्रात गेले. काचेचा दरवाजा आपोआप उघडला. आत गारवा होता, कॉफी होती आणि रुचिता नावाच्या ग्राहक संबंध अधिकारी होत्या.

"सर, गाडी आणलीय?"

"चावी नाही म्हणून तर आलोय."

"बरोबर सर. पण गाडी समोर असल्याशिवाय चावीची मागणी नोंदवता येत नाही. आम्ही टोइंग व्हॅन पाठवू शकतो. फक्त व्हॅन येण्याआधी तुम्ही गाडी न्यूट्रलला टाकून ठेवायची."

"आत बसून?"

"आत बसूनच सर."

नव्या चावीची किंमत साडेअठरा हजार होती आणि मुदत एकवीस कामकाजाचे दिवस. शिवाय पोलिसांचा दाखला आणि मूळ आरसी हवी होती. आरसी गाडीत होती.

"मोबाइलवर आहे माझ्या," उत्तमराव म्हणाले.

"मोबाइलवरची सरकारला चालते सर. आम्हाला ओरिजिनल लागते. तरी तुम्ही दाखला तर आणा, मी वर विचारून बघते."

उत्तमराव स्वतः सत्तावीस वर्षं एका सरकारी कार्यालयात आवक विभाग सांभाळत होते. लोकांना परत पाठवणं त्यांच्या अंगवळणी पडलेलं होतं. स्वतः परत जाण्याचा अनुभव नवा होता. पण त्यांना राग आला नाही. उलट, एवढ्या गोड आवाजात हे काम होऊ शकतं, याचं त्यांना मनापासून कौतुक वाटलं.

मंगळवारी ते चौकीत गेले. हवालदार परशुराम यांनी कोरा कागद पुढे ओढला.

"कुठे हरवली?"

"नदीत."

"नदीत कुठे?"

"घाटाच्या डाव्या अंगाला, तिसऱ्या पायरीपाशी."

परशुरामांनी पेन खाली ठेवलं. "मग हरवली कुठे? पत्ता आहे की तिचा. कुठे आहे ते माहीत नाही, तिला गहाळ म्हणतात."

"बरं, मग लिहा, कुठे पडली ते माहीत नाही."

"आता कसं लिहू? आता मला माहीत झालं ना!"

दोन तासांच्या विचारविनिमयानंतर मधला मार्ग निघाला. दाखल्यावर मजकूर आला : 'सदर चावी वाहत्या पाण्यात असल्याने तिचा निश्चित पत्ता सांगता येत नाही.' उत्तमरावांनी तो दोनदा वाचला. व्यवसायबंधूचं अक्षर त्यांना आवडलं.

बुधवारी रुचितांनी दाखला नीट तपासला. आरसीचं त्यांनी वर विचारलं होतं आणि वरून उत्तर अजून खाली आलं नव्हतं. "पण सर, यात चावीचा नंबर नाही."

"तो कुठे असतो?"

"चावीवर, सर."

उत्तमराव दुसरी कॉफी पीत असताना राघोंचा फोन आला. "भाव, मांडववाला आयलाय. गारी काय हालत नाय. तिचे भवतीच बांधतूं."

गुरुवारी दुपारी घाग दांपत्य खडवलीला पोचलं तेव्हा मांडवाच्या मधोमध गाडी उभी होती. मांडववाल्याने ती नुसती ठेवली नव्हती; मोकळी वाईट दिसते म्हणून तिला झेंडूच्या माळा घातल्या होत्या. एका आजींनी बॉनेटवर हळदीची पाच बोटं उठवली होती. नवऱ्याकडची हळद घेऊन आलेल्या पाहुण्यांनी हे पाहिलं, फोटो काढले, आणि अर्ध्या तासात नवऱ्याच्या गावात बातमी पोचली की राघोंनी जावयाला गाडी दिली.

राघो घामाघूम झाले होते. "व्याह्यांचा फोन आयलावता. इचारतान, रंग हाच हाय का दुसरा भेटंल? भाव, सांच्याला ते सोता येतान. त्याचे आदी गारी हितून न्या, नायतर माझे पोरीचं लगीन तुमचे चावीवर अरकंल!"

दिशा हळदीच्या पाटावरून ओरडली, "काका, निदान गाडी डिझेलवर हाय का पेट्रोलवर तेवढं तरी सांगा! मना सगले इचारतान!"

उत्तमराव दाखल्याची घडी चाळवत राहिले. योगिनीताईंनी पर्समधून मोबाइल काढला. "आता मी शहाडच्या चावीवाल्या भगवानला बोलावते. सोमवारपासून सांगतेय."

"फूटपाथवर बसणाऱ्या माणसाच्या हाती गाडी द्यायची? काही सुरक्षितता?"

"तुमची गाडी सध्या एवढी सुरक्षित आहे, की तुम्हालाही मिळत नाहीये."

पाऊण तासात भगवान स्कूटरवरून आला. पन्नाशीचा, चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. मांडव, माळा, हळद बघून त्याने काही विचारलं नाही. फक्त म्हणाला, "गाडी तुमचीच कशावरून?"

उत्तमरावांनी दाखला पुढे केला.

"हे राहू द्या. आत काय आहे ते सांगा."

"मागच्या सीटवर डबा आहे," योगिनीताई म्हणाल्या. "कोळंबी भात. रविवारचा."

भगवानने काचेच्या फटीतून एक पट्टी आत सारली, डोळे मिटून जरा ऐकल्यासारखं केलं, आणि चार मिनिटांत दार उघडलं. आतून जो वास बाहेर आला त्याने हळदीची गाणी थांबली. भगवान तीन पावलं मागे सरला आणि नाकाला रुमाल लावून म्हणाला, "गाडी तुमचीच."

मग त्याने स्टिअरिंगखाली एक छोटं यंत्र जोडलं, नवी चावी तासली आणि पाऊण तासात इंजिन सुरू करून दिलं. मांडवात टाळ्या पडल्या. राघोंनी भगवानला मिठी मारली. व्याही यायला अजून दीड तास होता.

"किती झाले?" उत्तमरावांनी विचारलं.

"बावीसशे."

"बावीसशे?" उत्तमरावांचा आवाज आवक विभागातला झाला. "कशाचे? दार तर चार मिनिटांत उघडलंस."

"साहेब, चावीत चिप असते. शहाडवरून आलोय. तीस वर्षं हेच करतोय."

"ते ठीक आहे, पण चार मिनिटं—"

तेवढ्यात फोन वाजला. सेवा केंद्राच्या ग्राहक समाधान विभागातून कोणी बोलत होतं. आमच्या सेवेला दहापैकी किती गुण द्याल, सर?

उत्तमरावांनी क्षणभर विचार केला. चावी मिळाली नव्हती. पण कॉफी मिळाली होती, बसायला सोफा मिळाला होता, आणि प्रत्येक वाक्यात 'सर' होतं.

"दहा," ते मोठ्या मनाने म्हणाले, आणि फोन ठेवून भगवानकडे वळले. "हां, तर वाजवी बोल."

अठराशेवर मिटलं. भगवानने नोटा खिशात घातल्या, स्कूटरला किक मारली आणि निघून गेला.

मांडवात जमलेल्या शंभरेक माणसांपैकी एकालाही यात काही वावगं वाटलं नाही. फक्त पुढच्या खुर्चीतले एक गृहस्थ हळहळले. म्हणाले, "घाई केलीत. तुमच्या जागी मी असतो तर पंधराशेच्या वर गेलोच नसतो."