पंख्याला बांधलेला शेला

मुलाच्या लग्नाला कल्याणला स्वतःच्या गाडीनेच जायचं, हे अण्णा खारकरांनी साखरपुड्याच्या दिवशीच जाहीर करून टाकलं होतं.

"नवरामुलगा मुंडावळ्या बांधून आगगाडीत उभा राहणार? लोक काय म्हणतील?"

"बसायला जागा देतील," सुमतीबाई म्हणाल्या. पण हा युक्तिवाद अण्णांनी ऐकून न ऐकल्यासारखा केला. ते ठाण्याच्या कोर्टात वकिली करत आणि गैरसोयीचा मुद्दा कानाआड कसा टाकायचा, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं.

गाडी लढाईच्या आधीची, विलायती. एका पारशी अशिलाने मुंबई सोडताना ती अण्णांच्या गळ्यात घातली होती. अण्णांचा तिच्यावर जीव होता. रविवारी सकाळी ते बनियनवर तिच्या पोटात डोकं घालून बसत आणि जेवायला हाक मारली की वैतागत. कुठलाही बिघाड झाला की ते त्याची साक्षीपुरावा घेऊन चौकशी करत. गाडी मग बहुधा आपल्या आपणच सुरू होई, आणि अण्णा खटला जिंकल्यासारखे घरात येत.

लग्नाच्या दिवशी वऱ्हाड सकाळच्या आगगाडीने पुढे गेलं. मागे राहिले चौघे. गाडी हाकायला अण्णा, त्यांच्या शेजारी धाकटे बंधू भाऊ, मागे सुमतीबाई आणि नवरदेव आनंद. मुहूर्त दुपारचा होता, हाताशी भरपूर वेळ होता. सुमतीबाईंनी पहाटेपासून बसून झेंडूच्या फुलांची एक भली जाड चादरच ओवली होती. ती त्यांनी गाडीच्या तोंडावर, या दिव्यापासून त्या दिव्यापर्यंत, सुतळीने घट्ट बांधली.

"वहिनी, गाडी कसली, मखर दिसतंय!" भाऊ म्हणाले. सुमतीबाईंना बरं वाटलं.

कळव्याचा पूल ओलांडेपर्यंत सगळं सुरळीत होतं. मुंब्रा मागे पडलं आणि बॉनेटमधून आधी शिट्टीसारखा आवाज आला, मग वाफ आली. मार्गशीर्षातली गार हवा होती. अंगावर शाल घ्यावीशी वाटत होती आणि गाडीला मात्र घाम फुटला होता.

"पाणी संपलं," भाऊंनी निदान केलं.

"घरून निघताना काठोकाठ भरलंय."

"मग उडालं."

अण्णा खाली उतरले. हाताला उपरणं गुंडाळून त्यांनी रेडिएटरचं झाकण फिरवलं. "जरा थांबा हो, गार होऊ दे," असं सुमतीबाई म्हणेपर्यंत झाकण सुटलं आणि गंजलेल्या पाण्याचा फवारा माडाएवढा वर गेला. अण्णा चपळाईने बाजूला झाले. काय चाललंय ते बघायला आनंद नेमका तेव्हाच पुढे आला होता. पाणी वरून खाली येईतो कोमट झालं होतं म्हणून भाजलं नाही, एवढंच. पण पांढऱ्या रेशमी सदऱ्यावर तांबडे ओघळ उतरले.

"शुभशकुन समज," भाऊ म्हणाले, "कुंकवाचा सडा पडला."

आनंद रुमालाने ओघळ टिपत राहिला. तो मुळातच कमी बोलणारा मुलगा होता, आणि सुमतीबाईंना त्या वेळी त्याचं फार बरं वाटलं.

प्यायला घेतलेलं सगळं पाणी गाडीला पाजलं. गाडी निघाली. पहिलाच चढ संपतो न संपतो तोच पुन्हा शिट्टी, पुन्हा वाफ. अण्णा मात्र खूश दिसले.

"म्हणजे पाणी निर्दोष ठरलं," ते म्हणाले. "आता दुसरा संशयित."

"वजन," भाऊ म्हणाले. "चढावर चार माणसं म्हणजे तिला जड होतं. दोघं उतरून बघू या."

सुमतीबाईंनी उतरायला साफ नकार दिला. त्यांच्या अंगावर नऊवारी शालू होता. भाऊंच्या गुडघ्याला वाताची व्यथा होती. राहता राहिला नवरदेव. गाडी हळूहळू पुढे आणि तिच्यामागे मुंडावळ्या सावरत चालणारा आनंद, अशी ती वरात शीळच्या दिशेने निघाली. समोरून गवताने भरलेली बैलगाडी आली. गाडीवानाने कासरा ओढून खाली वाकून पाहिलं.

"नवरा पलून चाललाय का तुमी धरून नेताव?"

"तू बैल हाक रे बाबा!" अण्णा ओरडले. त्यांचं लक्ष तापमानाच्या काट्याकडे होतं. काटा खाली यायचं नावच घेत नव्हता. वजनही निर्दोष सुटलं.

एका गावाच्या वेशीशी, चिंचेच्या सावलीत, त्यांनी गाडी उभी केली. बॉनेट उघडून बराच वेळ आत पाहिलं. मग पंख्याच्या पट्ट्याला बोट लावलं आणि त्यांचा चेहरा उजळला.

"भाऊ! सापडला! पट्टा सैल आहे. पंखा पुरता फिरतच नाही, तर वारा लागणार कसा?"

"मग आवळा."

"आवळायची जागाच संपलीय. दुसरा हवा. मजबूत, लांब, पिळता येईल असं काहीतरी." अण्णांची नजर गाडीभर फिरली आणि आनंदच्या खांद्यावर थांबली. तिथे जरीकाठी शेला होता. लग्नासाठी खास पैठणहून आणवलेला.

"अहो, नाही हं!" सुमतीबाई म्हणाल्या.

"अगं, मुहूर्त महत्त्वाचा की शेला?"

आनंदने शेला काढून दिला. जुना पट्टा सोडून अण्णांनी शेल्याला पीळ भरला आणि तो कप्पीवरून ओढून बांधायला घेतला. भाऊ गाठ धरत होते. सुमतीबाई पाणी आणायला जवळच्या घरी गेल्या. रखमाबाई नावाच्या आगरी बाईने हंडा भरून दिला, वर गूळही हातावर ठेवला. दोघी बोलत बोलत चिंचेपाशी आल्या आणि रखमाबाई जागीच थबकली.

"आगो बाय! माजे म्हशीनं तुमची फुला खाल्ली गो!"

म्हैस गाडीच्या तोंडासमोर शांतपणे उभी होती. झेंडूची चादर बहुतेक संपली होती, शेवटचा गोंडा ती चवीने चघळत होती. बॉनेटच्या आतल्या दोघांना याचा पत्ताही नव्हता. रखमाबाईने म्हशीला धपाटा घातला, तिच्या तोंडातून सुतळी ओढून काढली आणि ओशाळून म्हणाली, "आता तुमचे गारीला शोभा कशी येल?"

पहाटेपासूनची मेहनत म्हशीच्या पोटात गेलेली पाहून सुमतीबाईंना क्षणभर रडू आलं. पण त्यांनी गाडीच्या उघड्या पडलेल्या जाळीकडे पाहिलं. खाडीवरून आलेला वारा जाळीतून थेट आत शिरत होता. इतका वेळ तिथे बोट शिरायलाही जागा नव्हती.

गाडी निघाली ती थेट कल्याणपर्यंत कुठेही थांबली नाही. काटा तळाशी मुकाट बसून राहिला.

"बघा! निदान बरोबर असलं की इलाज शेल्याचासुद्धा चालतो," अण्णा म्हणाले.

"मी सांगू का?" सुमतीबाई मागून म्हणाल्या. "माझी फुलंच आड येत होती. म्हशीने ती खाल्ली आणि गाडी गार झाली."

अण्णा आणि भाऊ एकदमच हसले.

"वहिनी, फुलांनी कधी इंजिन तापतं का?"

"आई म्हणते त्यात—" आनंदने तोंड उघडलं.

"तू लग्नाकडे लक्ष दे," अण्णा म्हणाले.

टिपणिसांच्या दारात विमलाबाई ओवाळायला उभ्या होत्या. मुलीची आई म्हणून त्यांनी बोलणीत एकदाही आवाज चढवला नव्हता, पण माणसं पारखून घेणारी बाई, हे सुमतीबाईंना पहिल्या भेटीतच कळलं होतं. आनंद उतरला. सदऱ्यावर तांबडे ओघळ, धोतर गुडघ्यापर्यंत धुळीने माखलेलं, खांदा रिकामा. विमलाबाईंनी ओवाळायला उचललेलं तबक पुन्हा खाली घेतलं. मागे कुणीतरी कुजबुजलं, "मारामारी करून आला की काय?" सुमतीबाईंना धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं.

तेवढ्यात व्याही गोविंदराव पुढे आले. सोवळं नेसलेले, कपाळाला गंध.

"उशीर झाला वाटतं?"

"पट्टा," अण्णा म्हणाले. "शेला बांधून आणलीय."

"शेला?" गोविंदरावांचे डोळे चमकले. त्यांच्याकडे जुनी मोटारसायकल होती, ही गोष्ट खारकरांना कुणी सांगितली नव्हती. "दाखवा बरं."

बॉनेट उघडलं. पंख्याच्या दांड्याला जरीच्या चिंध्या गुंडाळल्या होत्या. पट्ट्याच्या जागी काहीच नव्हतं. शेला केव्हाच फाटून गेला होता.

"म्हणजे पंखा फिरतच नव्हता!" गोविंदराव म्हणाले.

"फिरत नव्हता," अण्णा खोल गेलेल्या आवाजात म्हणाले.

"मग इथवर आलात कसे? न तापता?"

मग गोविंदरावांनी सोवळ्याचा काचा मारला आणि दोघे एकदमच आत वाकले.

आत भटजी अक्षता वाटत होते. मामा नवरीला, उत्तराला, घेऊन आले. अंतरपाट धरायला माणसं उभी राहिली आणि तेव्हा कळलं, की मुलीचा बाप मांडवात नाही. शोधाशोध झाली. भटजी घटिकापात्राकडे बघत "वेळ चालली, वेळ चालली" म्हणून ओरडू लागले. विमलाबाई ताडताड बाहेर आल्या. गाडीच्या खालून सोवळ्यातले दोन पाय बाहेर आलेले होते आणि शेजारी अण्णा दिवा धरून बसले होते.

"अहो! मुलीचं लग्न आहे ना आज?"

"आलोच. नळी बघतोय."

"नळी राहू दे! ते झाकण लावा आधी!"

एवढा चढलेला आवाज टिपणिसांच्या घरात आजवर कुणी ऐकला नव्हता. झाकण लागलं. मंगलाष्टकं मुहूर्तावर झाली, अगदी निसटत्या. गोविंदरावांनी काळ्या हातांनी कन्यादान केलं. हातावरून ओघळलेलं पाणी काळं होऊन आनंदच्या ओंजळीत पडलं. तांबड्या ओघळांशेजारी आता काळे शिंतोडे उडाले, आणि मघाशी कुजबुजणारी माणसं गप्प झाली. दोन्ही घरं सारखीच निघाली होती.

जेवणाआधी विमलाबाई विहिणीचे पाय धुवायला बसल्या. पाणी ओतता ओतता त्यांनी हळूच विचारलं, "खरं सांगा विहीणबाई, कशाने तापली होती?"

सुमतीबाईंनी सांगितलं. फुलांची चादर, म्हैस, रखमाबाई, सगळं. विमलाबाई आधी ओठ दाबून हसल्या, मग त्यांना हसू आवरेना. तांब्या कलंडला, पाणी पाटाखालून वाहत गेलं. सुमतीबाईही पदर तोंडाला लावून हसू लागल्या. मांडवात अण्णा आणि गोविंदराव पंगतीत शेजारी बसून केळीच्या पानावर मिठाने कसलीतरी आकृती काढत होते.

"सांगू का त्यांना?" सुमतीबाईंनी विचारलं.

विमलाबाईंनी डोळे पुसले आणि तांब्या सरळ केला.

"एवढ्यात नको. आधी जेवणं उरकू देत. आत्ता सांगितलंत, तर पुन्हा झाकण उघडतील."