शकुनाचा एक युरो

रविवारच्या जेवणानंतर विभावरीबाईंनी टेबलावरचे ताकाचे भांडे बाजूला सारले आणि त्या जागी करड्या रंगाचा जाडजूड ऑर्डनर ठेवला. ठेवला म्हणजे आदळला. घरातली सर्व कागदपत्रे छिद्रे पाडून, तारीखवार लावून या ऑर्डनरमध्ये बसवलेली असत आणि त्याला बाईंखेरीज कोणी हात लावत नसे.

"केतन, तो फोन खाली ठेव. देवश्री, भांडी राहू देत. अहो, तुम्हीही ऐका. आपल्याला लुटलं जातंय!"

पद्माकररावांनी शब्दकोडे आणि पेन्सिल बाजूला ठेवली. ते टर्बाइनचे निवृत्त अभियंता होते. यंत्र मोठ्याने आवाज करू लागले की त्याच्या जवळ जाऊ नये, हे ते नोकरीत शिकले आणि संसारात पाळत आले.

"कोण लुटतंय, आई?" केतनने विचारले.

"प्लॅटफॉर्म."

विभावरीबाईंनी न्युरेम्बर्गच्या एका कचेरीत सत्तावीस वर्षे पगारपत्रके केली होती. त्या काळात स्वतःच्या पगारातून बाजूला काढून त्यांनी खासगी निवृत्तिवेतनाची पुंजी जमवली. ती आता एक लाख चाळीस हजार युरोंची होती आणि एका ऑनलाइन गुंतवणूक प्लॅटफॉर्मवर ठेवलेली होती. तिथून दर महिन्याला ठरावीक रक्कम बाईंच्या खात्यात येई. सरकारी पेन्शन घरखर्चात जाई. ही रक्कम मात्र सर्वस्वी त्यांची होती. प्लॅटफॉर्मने दोन हजार पंधरा सालाचा वार्षिक हिशेब नुकताच पाठवला होता आणि त्यात या वेळी प्रथमच एक ओळ ठळक छापली होती: एकूण शुल्क, चारशे अडुसष्ट युरो ऐंशी सेंट.

"माझे पैसे माझ्याच हातात द्यायचे चारशे अडुसष्ट युरो!" बाई म्हणाल्या. "मी चार प्लॅटफॉर्मांचा तक्ता केलाय. आपले हे लोक पुंजीवर पाव टक्का घेतात. हा दुसरा बघा, पुंजी कितीही असो, वर्षाला ठोक एकशे ऐंशी. बस्स, ठरलं. आपण तिकडे जायचं."

केतनची बायको देवश्री एका कंपनीत कंट्रोलिंग विभागात होती. दिवसभर ती इतरांच्या खर्चात खोट काढी आणि त्याबद्दल तिला पगार मिळे. तिने तक्त्यावर नजर टाकली.

"आई, पाव टक्का म्हणजे तीनशे पन्नासच होतात. मग वरचे एकशे अठरा कसले? आणि या दुसऱ्यांकडे दर वेळी पैसे काढायचे वेगळे..."

"देवश्री," बाई शांतपणे म्हणाल्या, आणि त्यांचा शांतपणा हा त्यांच्या आवाजापेक्षा अधिक घातक मानला जाई, "मी सत्तावीस वर्षं चारशे माणसांचे पगार काढलेत. एका फेनिगची, एका पैचीही चूक नाही."

"नाही, तसं नव्हे, मी फक्त म्हणत होते..."

"श्रीखंड घे अजून."

देवश्रीने श्रीखंड घेतले.

इथवर सर्व घरातच होते. परंतु ज्ञान स्वतःपुरते ठेवणे विभावरीबाईंना कधी जमले नाही. पुढच्या बुधवारी मराठी मंडळाच्या ज्येष्ठ गटापुढे त्यांनी पाऊण तास भाषण केले. टक्केवारीचे शुल्क म्हणजे गळका नळ आणि ठोक शुल्क म्हणजे स्वाभिमान, असा त्याचा सारांश होता. टाळ्या पडल्या. बाईंनी त्या हात वर करून थांबवल्या, परंतु जरा उशिराच थांबवल्या.

आठवड्याने त्यांची चाळीस वर्षांची मैत्रीण कुंदा दारात उभी राहिली. तिने चपलाही काढल्या नाहीत.

"विभा, तुझा स्वाभिमान मला फार महागात पडला गं!"

"काय झालं?"

"तुझं ऐकून मी ठोकवाल्यांकडे गेले. सही करून आले. काल जावयाने गणित केलं. माझी पुंजी अठरा हजार. पाव टक्क्याने मी पंचेचाळीस युरो भरत होते. आता भरायचे एकशे ऐंशी! जावई काय म्हणाला माहितीये? म्हणाला, सासूबाई, तुम्ही भाषणं ऐकायला जात जाऊ नका."

 मोठ्या पुंजीला जे स्वस्त, ते छोट्या पुंजीला महाग पडते, ही गोष्ट तिसरीतल्या मुलालाही कळली असती. परंतु तिसरीतल्या मुलाला कोणी भाषणाला बोलावत नाही.

सुदैवाने चौदा दिवसांच्या आत करार मागे घेता येत होता. केतन आणि देवश्री आले, देवश्रीने तिथेच कुंदाताईंना पत्राचा मसुदा करून दिला आणि प्रकरण मिटले. फक्त केतनने तेवढ्यात तोंड उघडले.

"आई, एक सुचवू? रागावू नकोस. आता हे सगळं देवश्रीकडे दे. तिचं रोजचं कामच आहे ते. तू आराम कर."

'आराम' हा शब्द त्या घरात यापूर्वी फक्त पद्माकररावांच्या संदर्भात वापरला जात असे.

"असं?" बाई उठून उभ्या राहिल्या. "ठीक आहे. येत्या शुक्रवारी दुपारी सुट्टी घेऊन या दोघं. कुंदा, तूही ये. मी तुमच्यासमोर प्लॅटफॉर्मला फोन लावते, स्पीकरवर. त्या जास्तीच्या एकशे अठरांचा जाब विचारते. त्यांची चूक निघाली तर हा विषय पुन्हा या घरात निघायचा नाही."

"आणि तुझी निघाली तर?" कुंदाताईंनी गोड आवाजात विचारले.

"तर हा ऑर्डनर देवश्रीचा."

पद्माकररावांच्या हातातली पेन्सिल खाली पडली.

शुक्रवारी दिवाणखान्यात खुर्च्या मांडल्या गेल्या. बाई इरकली नेसून, कपाळावर ठसठशीत कुंकू लावून फोनसमोर बसल्या होत्या. ऑर्डनर समोर होता. पंधरा मिनिटे यंत्रावरचे संगीत ऐकल्यावर पलीकडून एक स्वच्छ आवाज आला. फ्राऊ ह्यूबनर बोलत होत्या.

बाईंनी आपल्या कमावलेल्या जर्मनमध्ये तक्रार मांडली. तिच्यात प्रस्तावना होती, तीन मुद्दे होते आणि समारोपाला ग्राहकाच्या प्रतिष्ठेचा उल्लेख होता. केतनने नकळत मान डोलावली. फ्राऊ ह्यूबनर यांनी सर्व ऐकून घेतले.

"आल्झो," त्या म्हणाल्या, "पाव टक्का सर्वांना सारखाच आहे. उरलेले एकशे अठरा युरो ऐंशी सेंट म्हणजे स्वतंत्र आदेशाचं शुल्क. महिन्याला नऊ युरो नव्वद, बारा वेळा."

"मी कोणताही स्वतंत्र आदेश दिलेला नाही."

"दिलेला आहे. पन्नासच्या पटीतली रक्कम आमची यंत्रणा आपोआप पाठवते, विनाशुल्क. सहाशे, साडेसहाशे, काहीही. आपण मात्र सहाशे एक मागता. ते दर महिन्याला माणसाला हाताने करावं लागतं."

 पद्माकररावांनी छताकडे पाहिले.

"आपल्या अर्जावर," फ्राऊ ह्यूबनर पुढे म्हणाल्या, "त्या शेवटच्या एक युरोखाली दोन रेघा मारलेल्या आहेत. क्षमा करा, विचारू का? आमच्या विभागात तीन वर्षं याची चर्चा आहे. माझ्या एका सहकाऱ्याला वाटतं, तो काहीतरी गुप्त संकेत असावा."

आता खुलासा करणे भाग होते. शून्यावर संपलेली रक्कम देऊ नये आणि घेऊही नये, वर एक ठेवावा, म्हणजे देवाणघेवाण पुढे चालू राहते, ही गोष्ट विभावरीबाईंच्या आईने त्यांना शिकवली होती. बेचाळीस वर्षे जर्मनीत राहून त्यांनी आहेराच्या प्रत्येक पाकिटावर एक नाणे चिकटपट्टीने चिकटवले होते. स्वतःच्या कष्टाची पहिली पेन्शन घेताना त्या शकुन सोडणार होत्या थोड्याच? परंतु हे जर्मनमध्ये सांगताना शब्द भराभर संपत गेले.

"तो... पैशाला संपल्यासारखं वाटू नये म्हणून असतो," त्या अखेर म्हणाल्या.

"आख् झो," फ्राऊ ह्यूबनर विचारपूर्वक म्हणाल्या. "म्हणजे शुभ म्हणून एक युरो, आणि त्यासाठी नऊ युरो नव्वद."

"गेनाऊ," पद्माकरराव म्हणाले. 'अगदी बरोबर' अशा अर्थाचा हा जर्मन शब्द, त्या दुपारी त्यांनी उच्चारलेला एकमेव.

"पण हे मला कोणी सांगितलं नाही!" बाईंचा आवाज चढला. "लेखी कुठे आहे?"

"दरपत्रक, पान चार. त्यावर आपली सही आहे."

देवश्रीने काही म्हणण्याआधीच कुंदाताईंनी ऑर्डनर स्वतःकडे ओढला, चष्मा चढवला आणि पान चार काढले. तिथे खरोखरच ते कलम होते. त्याखाली लाल शाईची सरळ रेघ होती, पट्टी लावून मारलेली. समासात विभावरीबाईंच्या सुरेख, वळणदार अक्षरात एक टीप होती.

कुंदाताईंनी ती मोठ्याने वाचली. "'आपल्याला लागू नाही.'"

त्या क्षणी विभावरीबाईंचा चेहरा कसा झाला होता, हे त्यांना स्वतःला कळणे शक्य नव्हते. दिवाणखान्यात आरसा नव्हता.

बाईंनी फोन ठेवला. मग देवश्री हळूच म्हणाली, "आई, तुमचा तक्ता मात्र बरोबर होता हं. फक्त त्या ठोकवाल्यांकडे पैसे काढायचे दर वेळी चौदा युरो पडतात. एकशे ऐंशी अधिक एकशे अडुसष्ट, तीनशे अठ्ठेचाळीस. इथे तीनशे पन्नास. तिकडे गेलो तर वर्षाला दोन युरो वाचतील."

"हे तू मला त्या रविवारी का नाही सांगितलंस?"

"श्रीखंड खात होते."

विभावरीबाईंनी ऑर्डनर बंद केला, त्याच्या पाठीवरून एकदा हात फिरवला आणि दोन्ही हातांनी उचलून सुनेच्या मांडीवर ठेवला. दिलेला शब्द होता. केतन "अगं आई, राहू दे, गंमत होती ती" म्हणू लागला, तेव्हा बाईंनी त्याच्याकडे एकदाच पाहिले. तो चहा टाकायला गेला.

देवश्रीने ऑर्डनर घेतला. आढेवेढे न घेता घेतला, ही गोष्ट बाईंना, खरे सांगायचे तर, मनातून आवडली.

"मग आता सहाशेच येणार?" बाईंनी विचारले. आवाज नेहमीपेक्षा लहान होता. "शून्यावर?"

देवश्रीने ऑर्डनरवर बोटांनी हिशेब केला. "सहाशे प्लॅटफॉर्मवरून येतील, फुकट. वरचा एक माझ्या खात्यातून पाठवते. दर पहिल्या तारखेला. बँक त्याचं काही घेत नाही. तुमच्या खात्यात सहाशे एकच होतील."

"सुनेच्या पैशाने शकुन?"

"घरचाच आहे ना युरो, आई?"

विभावरीबाईंनी पदर सारखा केला आणि मान डोलावली. 

पहिल्या तारखेला सहाशे आले, आणि त्याच सकाळी एक आला. दुसऱ्या महिन्यात मात्र सहाशे सकाळीच आले आणि दुपार झाली तरी एक येईना. बाईंनी खाते चार वेळा उघडून पाहिले. एकेकाळी चारशे माणसे पगाराच्या दिवशी त्यांच्या टेबलाकडे डोळे लावून बसत. आता त्या स्वतः एका युरोसाठी डोळे लावून बसल्या होत्या. अखेर त्यांनी फोन केला.

"देवश्री, काही नाही गं, सहजच केला. बरी आहेस ना? बँक वगैरे ठीक चाललीये ना तुझी?"

"येईल हो आई, संध्याकाळपर्यंत. आज पहिली तारीख आहे ना, गर्दी असते."

तो संध्याकाळी आला. लगेचच्या रविवारी जेवण झाल्यावर बाईंनी देवश्रीच्या हातात एक पाकीट दिले. आत दहा युरोंची नोट होती, आणि वर चिकटपट्टीने चिकटवलेले एक युरोचे नाणे.

"हे कशाला, आई?"

"सुनेकडून रिकाम्या हाताने घ्यायची आपल्यात पद्धत नाही. तू दर महिन्याला देणार, तर मीही दर महिन्याला देणार. आणि दहा कसे देऊ? शून्य येतं."

देवश्रीने तोंड उघडले. कंट्रोलिंग विभागाचे सारे शिक्षण तिच्या ओठांपर्यंत आले होते. तेवढ्यात तिची नजर सासऱ्यांकडे गेली. पद्माकररावांनी शब्दकोड्याच्या कडेला पेन्सिलीने काही आकडे मांडले होते. अकरा द्यायचे, एक मिळायचा, म्हणजे दहा गेले. पूर्वी जात होते नऊ नव्वद. नवी व्यवस्था महिन्याला दहा सेंट महाग पडत होती. त्यांनी सुनेकडे पाहून मान किंचित हलवली आणि खोडरबराने ते गणित काळजीपूर्वक खोडून टाकले.

देवश्रीने वाकून नमस्कार केला आणि पाकीट पर्समध्ये ठेवले.

पुढे मंडळात कोणीतरी चौकशी केलीच. "शुल्क? पैसे काढायचं? एक सेंटही नाही!" विभावरीबाई ठणकावून म्हणाल्या. कुंदाताईंनी खोकल्याचे निमित्त करून रुमाल तोंडाला लावला.

त्या दहा सेंटांचे बाईंना कळू द्यायचे नाही, असे घरात सर्वांनी आपसात ठरवले आहे. वर्ष होत आले, अजून कोणी बोलले नाही. मात्र जिने सत्तावीस वर्षे पगारपत्रके केली, तिला अकरातून एक वजा करता येत असेल, ही शंका त्यांच्यापैकी कोणाला आलेली नाही. पहिले पाकीट चिकटवतानाच ते गणित झाले होते. त्या गणिताच्या समासातही बाईंनी सुरेख, वळणदार अक्षरात एक टीप लिहिली होती: आपल्याला लागू नाही.