चौथ्या चाहुलीची रांग

एका जंगलात, मुलांनो, सगळ्यांना कान होते. मोठे, उभे, हवे तिकडे वळणारे. फुकट मिळालेले असल्यामुळे त्यांच्याबद्दल कुणी फारसं बोलत नसे.

त्या जंगलात वाघही होता. वाघ नसेल तर त्याला जंगल म्हणत नाहीत, नुसती झाडं म्हणतात.

वाघ आला की काय करायचं याची पद्धत ठरलेली होती. ओढ्याकाठी ऐनाचं एक उंच झाड होतं. त्याच्या शेंड्यावर धोंडोपंत वानर बसत. गवत हललं, पट्टे दिसले, की धोंडोपंत 'खँक खँक' करून ओरडत आणि खाली चरणारी मंडळी पळून जात. याच्या बदल्यात रोज एका घरून त्यांना उंबरं यायची. कुणी किडकी उंबरं पाठवली तर धोंडोपंत दोन दिवस गाल फुगवून बसत, पण ओरडायचं चुकवत नसत.

याच जंगलात हैबतराव सांबर राहत. नाव हैबतराव, स्वभाव भित्रा. शिंगं मात्र नावाला शोभणारी होती. त्यांच्या बायकोला, अनसूयाबाईंना, तेव्हा दिवस गेले होते. त्यांना पूर्वीसारखं पळता येत नव्हतं. वाघ आला तर हिचं कसं होणार, या काळजीने हैबतरावांना चारा गोड लागत नसे. ही काळजी खरी होती. पुढे मी हैबतरावांना पुष्कळ नावं ठेवणार आहे, म्हणून हे आधीच सांगून टाकतो.

एके दिवशी माळावरच्या खडकावर कोल्हा उभा राहिला. अंगात काळी बंडी होती. बराच वेळ तो काहीच बोलला नाही, नुसता इकडून तिकडे फिरला. त्यामुळे गर्दी जमली. मग त्याने बांबूची एक नळी वर धरली. नळीतून किर्र आवाज येत होता.

"आत रातकिडा आहे," कोल्हा म्हणाला. "वाघ जवळ आला की हा गप्प बसतो. तुम्ही पळायचं. हिचं नाव चाहूल."

रातकिडा दिवसा कसा ओरडतो, असं तुम्ही विचाराल. नळीत अंधार असतो. त्याला वाटतं रात्रच आहे. मोठ्यांनाही असं पुष्कळ काही वाटत असतं, पण तो विषय नको.

चाहुलीची किंमत होती एक शिंग. हैबतरावांनी घरी येऊन विषय काढला. अनसूयाबाई म्हणाल्या, की वाघ आला की रानातले सगळेच किडे गप्प बसतात, आपल्याला कान आहेत, ते ऐकू येतं. हैबतराव म्हणाले, ते सार्वजनिक किडे झाले. त्यांचा भरवसा काय? हा आपला स्वतःचा असेल.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सागाच्या बुंध्याला घासून घासून डावं शिंग उतरवलं आणि गळ्यात चाहूल बांधून घरी आले. एकाच शिंगाच्या वजनाने त्यांची मान उजवीकडे कलली होती. लोकांना वाटलं, ते कसल्या तरी विचारात आहेत. त्यांचा मान वाढला.

आणि खरं सांगायचं तर चाहूल चांगली होती. तिसऱ्याच दिवशी किडा गप्प बसला. हैबतराव अनसूयाबाईंना घेऊन करवंदीच्या जाळीत शिरले, आणि वाघ समोरून निघून गेला. तेव्हा धोंडोपंतही शेंड्यावरून घसा फोडून ओरडत होते. पण सगळ्यांनी पाहिलं ते नळीकडे. घरोघरी चाहुली आल्या. उंबरांच्या पाळ्या चुकू लागल्या, आणि पंधरा दिवसांत बंदच झाल्या.

हैबतराव सुखात होते. ते सुख तीन आठवडे टिकलं.

मग कोल्हा पुन्हा खडकावर आला. या वेळी त्याच्या हातात भोपळा होता. छोटा, गुळगुळीत, लाखेने चमकवलेला. आत दोन किडे.

"चाहूल दोन," तो म्हणाला. "आजवरची सर्वांत जास्त ऐकणारी चाहूल."

हैबतरावांनी आपल्या नळीकडे पाहिलं. काल ती उत्तम होती. आज ती बांबूची होती. शेजारचे सोनबा चितळ भोपळा घेऊन आले तेव्हा हैबतरावांनी आपली नळी मानेच्या मागे सरकवली. सोनबांनी विचारलं, अजून एकच किडा का? एवढंच विचारलं, पण हैबतरावांना ते फार लागलं.

त्यातच कोल्ह्याने जुन्या गिऱ्हाइकांसाठी मोफत देखभाल काढली. प्रत्येक नळीत त्याने फुंकर घालून कसली तरी पूड सोडली. दुसऱ्या दिवसापासून हैबतरावांचा किडा मध्येच गप्प बसू लागला. सकाळी गप्प. हैबतराव जाळीत. वाघ नाही. दुपारी गप्प. पुन्हा जाळीत. पुन्हा वाघ नाही. तीन दिवसांत त्यांना करवंदीच्या सगळ्या काट्यांची ओळख झाली.

संध्याकाळी ते तक्रार घेऊन कोल्ह्याच्या सेवा केंद्रात गेले. केंद्र ऐनाच्या झाडाखाली निघालं होतं, आणि आत धोंडोपंत बसले होते. गळ्यात वेलीने बांधलेली पाटी होती. तिच्यावर त्यांचं नाव आणि खाली 'हसतमुख सेवा' असं लिहिलं होतं. उंबरं बंद झाल्यावर ते झाडावरून उतरले होते. पोट कुणाला चुकलंय?

"पंत, किडा बदलून द्या," हैबतराव म्हणाले.

"तो किडा आता येत नाही."

"रानात तर आहेत की. हे काय, ओरडताहेत."

"ते दुसरीचे. पहिलीला चालत नाहीत."

"किडा तो किडा, पंत."

धोंडोपंतांनी खाली पाहिलं. मग कोल्ह्याने पाठ करून घेतलेलं वाक्य म्हणाले, की चाहूल विनाकारण गप्प बसली तर घाबरू नये, मॉडेल जुनं झालं एवढंच समजावं. हे वाक्य लक्षात ठेवा, मुलांनो. सगळ्या जंगलाने ते लक्षात ठेवलं, आणि तीच चूक झाली.

हैबतरावांनी उजवं शिंगही सागाला घासलं. मान पुन्हा सरळ झाली. घरी येऊन ते म्हणाले, की डोकं कसं हलकं वाटतंय. अनसूयाबाई म्हणाल्या, वाटणारच.

तिसरी चाहूल अठरा दिवसांनी आली. तीन किडे. बाकी भोपळा तोच, फक्त किड्यांना खाऊ घालायचं भोक डावीकडचं उजवीकडे गेलं होतं. त्यामुळे दुसरीची पानाची पुंगळी तिसरीला बसेना. पुंगळी वेगळी घ्यावी लागे. हसू नका. तुमच्या वडिलांच्या कपाटाचा सगळ्यात खालचा खण उघडा, त्यातल्या वायरी बाहेर काढा, त्यातली एक तरी कशाला बसते का बघा, आणि मग हसा.

आता द्यायला शिंग नव्हतं. हैबतरावांनी ओढ्याकाठचा कोवळ्या गवताचा आपला पट्टा दिला. अनसूयाबाई त्या दिवसापासून माळावरचं राठ गवत खाऊ लागल्या. हैबतराव रात्रंदिवस सांगत राहिले, की हे सगळं तुझ्यासाठीच चाललंय. आणि त्यांना तसं खरंच वाटत होतं.

मग चौथीची बातमी आली. चार किडे, आणि कासवाच्या पाठीसारखं नक्षीदार कवच. ज्यांनी तिसरी नुकतीच घेतली होती ते दोन दिवस कोल्ह्याला शिव्या देत होते. तिसऱ्या दिवशी तेच रांगेत सगळ्यांत पुढे होते.

रांग उजाडल्यापासून माळावर लागली. पहिले सोनबा चितळ, दुसरे हैबतराव. त्यांच्यामागे चितळं, भेकरं, रानडुकरं, दोन मोर. मोरांना उडता येतं, पण त्यांनाही हवी होती. सगळ्यांच्या गळ्यात जुन्या चाहुली किरकिरत होत्या. माळ उघडा होता. एवढं जंगल एका जागी, एका ओळीत, उघड्यावर उभं राहिल्याचं पूर्वी कुणी पाहिलं नव्हतं.

अनसूयाबाई पोट सांभाळत तिथे आल्या. त्यांनी हैबतरावांना बाजूला बोलावलं. हैबतराव म्हणाले, नंबर जाईल, जे काय ते इथेच बोल.

"अहो, या खेपेला काय दिलंत?"

हैबतरावांनी कान खाली पाडले. मग म्हणाले, "करवंदीची जाळी."

ती जाळी अनसूयाबाईंनी बाळंतपणासाठी राखून ठेवली होती. आतलं गवत त्यांनी स्वतः तुडवून मऊ केलं होतं. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. पण आवाज चढला नाही.

"म्हणजे वाघ आला हे आपल्याला कळेल," त्या म्हणाल्या. "आणि मग लपायचं कुठे?"

तेवढ्यात कोल्ह्याने सोनबांना पुढे बोलावलं. सोनबांच्या गळ्यात चौथी चाहूल बांधली गेली. रांगेने खुर आपटून कौतुक केलं.

आणि त्याच क्षणी चौथी चाहूल गप्प झाली.

सोनबांनी ती हलवली. चारही किडे गप्प. हैबतरावांनी आपल्या तिसरीला कान लावला. तीही गप्प. मागच्या भेकराची दुसरी गप्प. हळूहळू सगळी रांग गप्प झाली. माळावर, रानात, ओढ्याकाठी कुठेही एक किडा ओरडत नव्हता.

"तुमचीही बंद पडली?" रांगेत विचारपूस सुरू झाली.

"चौथी आली ना. जुन्या बंद पडणारच."

"बरं झालं बाई, वेळेवर रांग लावली."

सोनबा सेवा केंद्राच्या खिडकीशी गेले. आत्ताच घेतली आणि आत्ताच गप्प, म्हणाले. धोंडोपंतांनी मान वर केली. वारा माळाच्या खालच्या बाजूने येत होता. त्या वाऱ्यात एक वास होता. धोंडोपंतांच्या घशाशी जुना 'खँक' आला. गळ्यातली पाटी बोटांना लागली. त्यांनी आवंढा गिळला.

"नवीन आहे," ते म्हणाले. "बसायला थोडा वेळ लागतो. एकदा हलवून बघा."

अनसूयाबाईंचे कान मात्र केव्हाच वळले होते. त्यांनी पुढचा पाय जमिनीवर आपटला आणि सांबरं पूर्वापार ओरडत आली तशा ओरडल्या. सगळ्यांनी त्यांच्याकडे वळून पाहिलं. कुणीतरी म्हणालं, की रांगेत गोंगाट करू नये. एक मोर म्हणाला, मध्ये घुसायचा डाव दिसतो. हैबतरावांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. ते दबक्या आवाजात म्हणाले, "अगं, लोक बघताहेत."

लोकांमागे वाघही बघत होता.

वाघाने रांगेचा मान राखला. पहिला नंबर सोनबांचा होता. त्याने सोनबांना घेतलं आणि तो गेला.

मग पळापळ झाली. ती अर्धा तास चालली. अर्ध्या तासाने सगळे परत आले, कारण आपापली जागा जाईल अशी प्रत्येकाला धास्ती होती. आपण कुणाच्या मागे होतो यावरून दोन रानडुकरांची मारामारी झाली. कोल्हा पुन्हा खडकावर चढला. त्याने सोनबांसाठी एक मिनिट शांतता पाळायला सांगितली. ती सोपी गेली, कारण चाहुली बंदच होत्या.

"चौथी आम्ही मागे घेत आहोत," तो म्हणाला. "आठ दिवसांनी पाचवी येईल. आजची रांग तशीच धरली जाईल. मात्र जागा सोडलेल्याचा नंबर जाईल."

वाघ एकदा पोटभर जेवला की त्याला साधारण आठ दिवस भूक लागत नाही. आणि वाघाने टाकलेलं कोण खातं, हे तुम्हाला ठाऊक आहे. कोल्ह्याला शिंगं कधी नकोच होती. ती त्याच्या गुहेमागे नुसती पडून होती.

अनसूयाबाई ओढ्याकडे वळल्या. पलीकडच्या डोंगरात जाळ्या आहेत असं त्यांच्या आईने त्यांना सांगितलं होतं. सेवा केंद्राच्या खिडकीशी त्या थांबल्या.

"पंत, तिकडे ऐनाची झाडं आहेत का?"

धोंडोपंतांनी वर ऐनाच्या शेंड्याकडे पाहिलं. मग गळ्यातली पाटी काढून खिडकीत ठेवली. म्हणाले, "आहेत. उंबरंही आहेत." आणि ते त्यांच्यापुढे फांदीफांदीने निघाले. थोडं गेल्यावर त्यांनी एकदा 'खँक' केलं. वाघ नव्हता. नुसता घसा तपासून पाहिला.

ओढ्याच्या काठावरून अनसूयाबाईंनी मागे वळून हाक मारली.

"अहो, येताय ना?"

हैबतरावांनी त्यांच्याकडे पाहिलं. मग समोर पाहिलं. समोर कुणीच नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्यासमोर कुणीही नव्हतं. मागे सगळं जंगल उभं होतं आणि त्यांच्या पाठीकडे हेव्याने बघत होतं.

"तू हो पुढे," हैबतराव म्हणाले. "मी आलोच. आता मीच पहिला आहे."

तात्पर्य : रांगेत धीर सोडू नये. प्रत्येकाचा नंबर येतो.