गट चार, तास दोन

खंडाळ्याकडच्या बैलगाडी शर्यतीच्या मैदानात आपल्या गटातल्या गाड्या सुटून गेल्या, हे मानसिंग कणसे यांना कळलं तेव्हा ते आपल्या बैलाच्या, हरण्याच्या शिंगांना तेल लावत होते. रमजान मुलाणी धापा टाकत आले आणि म्हणाले, "गड्या, आपली गाडी पुकारली आन् कुणी आलं न्हाई म्हणून खोडली."

मानसिंगांनी तेलाची बाटली खाली ठेवली. बैल पळायचा राहिला याबद्दल ते काही बोलले नाहीत. त्यांनी विचारलं, "मायकवर तिचं नाव घेतलं?"

"घेतलं की. लय झ्याक घेतलं."

"आन् मी हितं जनरेटरशेजारी."

ती म्हणजे बनुबाई, मानसिंगांची बायको. हरण्याची आई तो आठवड्याचा असताना गेली. बनुबाईंनी त्याला बाटलीनं दूध पाजून वाढवलं. हा पळणार आणि आपल्या घराचं नाव मायकवर घुमणार, असं त्या येईल त्याला सांगायच्या. हरण्या पळायच्या वयात आला आणि बनुबाई गेल्या. मग मानसिंगांनी गाडीची नोंद त्यांच्याच नावानं करायची ठरवली. दुसरा बैल रमजानचा, सुलतान. इकडे देवाचं नाव घातल्याशिवाय कोणी गाडी नोंदवत नाही. त्यामुळे नोंद झाली ती अशी: श्री भैरवनाथ प्रसन्न, कै. बनुबाई मानसिंग कणसे, रमजान मुलाणी, खडकवाडी, तालुका पाटण.

गट हुकला तो यादीमुळे. कोणती गाडी कितव्या गटात आणि कोणत्या तासात, म्हणजे कोणत्या पट्टीत पळणार, हे कमिटी आदल्या दिवशी वेबसाईटवर टाकते. ते पान लांबलचक. वर स्वागताचे फोटो, मध्ये पेंडीच्या जाहिराती, खाली गाड्या. मानसिंग बोटानं पान सरकवत जाहिरातींपर्यंत पोचले, कंटाळून त्यांनी फोन खिशात घातला, आणि ते बैलाला तेल लावत असतानाच गट सुटला.

ही हकीकत त्यांनी मुलीला सांगितली. साक्षी पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत कामाला होती आणि सुट्टीला गावी आली होती. ती ऐकता ऐकताच उठून बसली.

"आप्पा, ते पान तुमी कशाला वाचताय? फोनलाच वाचायला लावू. त्यातला आपला गट आन् तास तेवढा दाखवंल."

"बाकीचं?"

"बाकीचं सोडून दील."

"म्हंजे शेंगा सोलून दाणं तेवढं हातावर," रमजान म्हणाले. त्यांना ती कल्पना इतकी आवडली की ॲप तयार व्हायच्या आधीच ते चहाच्या टपरीवर त्याची जाहिरात करून आले.

साक्षीनं दोन दिवस जेवणसुद्धा लॅपटॉपसमोर केलं. नोंदीचा मजकूर एकदा ॲपमध्ये घालायचा, मग ॲप वेबसाईटवरच्या ओळी वाचून आपली ओळ शोधणार आणि मोठ्या अक्षरांत दोनच आकडे दाखवणार. तिनं खंडाळ्याच्या जुन्या यादीवर ते चालवून पाहिलं. उत्तर अगदी बरोबर आलं. मानसिंगांनी पोरीच्या पाठीवर हात ठेवला. रमजाननी लगेच ॲप सगळ्या ओळखीच्या गाडीवाल्यांना पाठवलं. त्यांनी ते पुढच्यांना पाठवलं.

पुढचं मैदान विट्याच्या पलीकडे होतं. टेम्पोतून उतरायच्या आधीच मानसिंगांनी फोन पाहिला. गट चार, तास दोन. या वेळी ते जनरेटरपासून लांब, थेट मायकच्या खांबाखाली उभे राहिले.

चौथा गट पुकारायची वेळ आली. रमजान बैल घेऊन दोन नंबरच्या तासात गेले. तिथं आधीच एक गाडी उभी होती.

"पाव्हणं, सरका. ह्यो आमचा तास हाय."

"तुमचा कसा? ह्ये बघा." पाहुण्यानं फोन दाखवला. गट चार, तास दोन.

तेवढ्यात मागून तिसरी गाडी आली. मग चौथी. प्रत्येकाच्या हातात फोन आणि प्रत्येक फोनवर तेच दोन आकडे. थोड्या वेळात दोन नंबरच्या तासामागे बाजार भरल्यासारखी बैलांची रांग लागली, आणि बाकीचे तास जवळजवळ मोकळे. झेंडेवाल्यानं झेंडा काखेत मारला आणि तो खाली बसला. पुढं कळलं की नवव्या गटाच्या जागेवर जोतिबाच्या नावानं गाडी नोंदवलेले सगळे लोक आतापासून जमले होते आणि तिथं भांडण सुरू झालं होतं.

मानसिंगांनी साक्षीला फोन लावला. तिनं त्यांना नोंद पुन्हा वाचून दाखवायला सांगितली.

"आप्पा, पहिले तीन शब्द म्हंजे माणसाचं नाव, वडिलांचं नाव आन् आडनाव, असं मी धरलंय."

"मग?"

"मग श्री हे नाव, भैरवनाथ वडील आन् प्रसन्न आडनाव झालं. त्या नावाचा जो पहिला सापडला, त्याचा गट सगळ्यांना दिसतोय. खंडाळ्याच्या यादीत पहिली गाडी आपलीच व्हती, म्हणून तवा कळलं न्हाई."

मायक कोंडीबा नावाच्या माणसाकडे होता. आवाज खणखणीत आणि स्वभाव तापट. त्यानं कागदाची यादी मागवली आणि भैरवनाथाच्या सगळ्या गाड्या एकेक करून पूर्ण नावानिशी वाचायला घेतल्या. ज्याचं नाव येईल त्यानं हात वर करायचा आणि आपला खरा गट ऐकून बाजूला व्हायचं. लोक हात वर करत गेले. गर्दी विरळ होऊ लागली.

"श्री भैरवनाथ प्रसन्न, कैलासवासी बनुबाई मानसिंग कणसे, रमजान मुलाणी, खडकवाडीकर. गट अकरा. कुठं हायसा?"

आवाज मैदानभर गेला, समोरच्या टेकाडावर आपटून परत आला. मानसिंग हललेच नाहीत.

"बनुबाई कणसे यांची गाडी. खडकवाडीकर, हात वर करा."

रमजाननी त्यांना कोपरानं ढोसलं. "आरं, आपलंच नाव घेत्यात. हात वर कर की."

"थांब रं. आजून एकदा घिऊ दे."

कोंडीबानं आणखी एकदा घेतलं. मग चिडून घेतलं, मग हाका मारल्यासारखं लांबवून घेतलं. बनुबाईंच्या माहेरचं कोणी असेल तर त्यांनी तरी पुढं यावं, असंही सांगितलं. बसलेले लोक आता उठून बघू लागले की ही कोण बनुबाई. मानसिंग खांबाला हात लावून उभे होते. लहान पोराला बक्षीस मिळावं तसं त्यांचं तोंड झालं होतं. रमजाननी स्वतःचा हात वर केला, तर मानसिंगांनी तो धरून खाली ओढला.

शेवटी कोंडीबानं गाडी गैरहजर म्हणून यादीतून काढली आणि तसं मायकवर जाहीर केलं. तेही नाव घेऊनच.

परतीच्या वाटेवर कराडला रमजाननी टेम्पो चहाला थांबवला. मग म्हणाले, "किती येळा घेतलं असंल?"

"मोजलं न्हाई."

"वहिनी ऐकत्या तर काय म्हणत्या?"

"बैल पळवायला गेला व्हता का नाव ऐकायला, असं म्हणली असती."

"मग काय चुकलं असतं वहिनींचं?"

मानसिंग हसले आणि मागं वळून हरण्याकडे बघत राहिले.

साक्षीनं त्याच आठवड्यात ॲप दुरुस्त केलं. ते आता देवाचं नाव ओळखतं, ते सोडून पुढचं वाचतं, आणि सातारा-सांगलीत बरेच गाडीवाले ते वापरतात. हरण्या अजून एकाही मैदानात पळालेला नाही.